पाण्यापर्यंतची वाट

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातील तापीकाठच्या एका गावची असून माझे वय ३८ वर्षे आहे. एका पतसंस्थेत मी लिपिक म्हणून काम करते. दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला आणि डावा पाय कायमचा अधू झाला. कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचा लोखंड-चामड्याचा आधार, व एक कुबडी यांच्या मदतीने मी चालते. लहानपणापासून मला पोहायला शिकायचे होते. श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला गाव तापीवर लोटायचा, माझ्या बहिणी आणि चुलत भावंडे पाण्यात उतरायची आणि मी काठावर सगळ्यांच्या चपला व कोरडे कपडे सांभाळत बसायची. हट्ट केला की आजी म्हणायची, "तुले पानी कसाले व माय?" आता हाती स्वतःची कमाई आहे, म्हणून मध्यंतरी शहरातील एका जलतरण तलावावर चौकशीला गेले. तेथील व्यवस्थापकांनी "काही झाले तर जबाबदारी कोणाची?" असे विचारून प्रवेशअर्जसुद्धा दिला नाही. घरचे म्हणतात, मेलेला पाय घेऊन पाण्यात जाऊ नये, आणि या वयात हे शोभतही नाही. मला खरोखर पोहता येईल का? सुरुवात कशी करावी? आणि कधीतरी तापीत पोहण्याची इच्छा धरणे चुकीचे आहे का?

उत्तर : ताई, तुम्हाला पोहता येईल. फिजिओथेरपीच्या कामात पोलिओ झालेल्या अनेकांना मी जवळून पाहिले आहे आणि त्या अनुभवाच्या बळावर हे विधान मी जबाबदारीने करत आहे.

आधी "मेलेला पाय" या समजुतीविषयी. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील ज्या पेशींवर घाला घालतो, त्या स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या पेशी असतात. स्पर्श, उष्णता, वेदना यांचे ज्ञान करून देणारी यंत्रणा त्यात शाबूत राहते. तुमच्या पायाला पाण्याचा गारवा कळेल, हौदाच्या कडेला खरचटले तर तेही कळेल. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला हे बऱ्याचदा कळत नाही आणि त्याला पाण्यात अधिक जपावे लागते. तुमचा पाय दुबळा आहे, मेलेला नाही, हे घरच्यांना एकदा शांतपणे समजावून सांगा.

दुसरे असे की, तुमच्या शरीराला जमिनीवर जो भार वाहावा लागतो, तो पाण्यात उतरताच झपाट्याने कमी होतो. कमरेइतक्या पाण्यात पायांवर साधारण निम्मे वजन येते आणि मानेइतक्या पाण्यात जेमतेम दहावा हिस्सा उरतो. शिवाय हात फिरवत पोटावर पोहण्याच्या, म्हणजे फ्रीस्टाइलच्या पद्धतीत पुढे जाण्याचा बहुतांश जोर हातांचा असतो, आणि वर्षानुवर्षे कुबडी वापरणाऱ्या व्यक्तीचे हात बहुधा बळकट असतात. मात्र ज्या खांद्यावर कुबडीचा भार येतो, तो खांदा झिजलेलाही असू शकतो. हात डोक्यावर उचलताना तेथे कळ येत असेल, तर तलावावर जाण्यापूर्वी तो तपासून घ्या.

खरी अडचण पाण्याबाहेर आहे आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. कपडे बदलण्याच्या खोलीपासून हौदाच्या कडेपर्यंतची वाट ओली, गुळगुळीत फरशीची असते. कॅलिपरचे लोखंड आणि चामडे पाण्याने खराब होते, म्हणून तो कोठेतरी आधीच उतरवावा लागतो, आणि एकदा तो उतरला की गुडघा दगा देतो. पोहायला गेलेली पोलिओची माणसे पडतात ती बहुतेक याच पंधरा-वीस पावलांत. यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची कडेपाशी नेऊन ठेवायला सांगा, कॅलिपर बांधूनच तेथपर्यंत जा, खुर्चीवर बसून तो काढा, कोरड्या टॉवेलात गुंडाळून मैत्रिणीच्या हाती द्या आणि खुर्चीवरून कडेवर बसून मगच पाण्यात उतरा. कुबडीच्या टोकाचे रबरी बूच झिजून गुळगुळीत झाले असेल, तर ते आदल्या दिवशीच बदला. बूच किरकोळ किमतीचे असते, पण ओल्या फरशीवर तुमचा सगळा तोल त्याच्यावर असतो. सोबतीला एक बाई हवीच, आणि महिलांची स्वतंत्र तुकडी असेल तर तीच निवडा. बारीक झालेला पाय लोकांनी पाहावा असे तुम्हाला वाटत नसेल, तर घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख मिळतो. सुती सलवार घालून उतरू नका, ती भिजली की जड होते आणि पायांना ओढते.

आता प्रत्यक्ष शिकण्याविषयी. आपल्याकडे प्रशिक्षक नवशिक्याला पहिल्या दिवशी कठडा धरून पाय मारायला लावतात. तुमच्या बाबतीत या पद्धतीने निराशाच पदरी पडेल, कारण उजवा पाय जोर लावेल, डावा लावणार नाही आणि शरीर एका अंगावर कलंडत राहील. म्हणून प्रशिक्षकांना आधीच सांगा की पाय मारण्याचा धडा मागे ठेवून श्वासापासून आरंभ करायचा आहे. तोंड पाण्यात घालून नाकातोंडाने हवा सोडणे, मग पाठीवर तरंगणे, मग पाठीवरून पोटावर वळणे आणि परत पाठीवर येणे, एवढे आले की पाण्याची भीती निम्म्याहून अधिक जाते. तरंगत असताना पुन्हा उभे राहणे ही दोन्ही पाय धडधाकट असलेल्यांना सहज जमणारी गोष्ट तुम्हाला वेगळी शिकावी लागेल. छातीइतक्या पाण्यात, एक हात कठड्यावर ठेवून, केवळ उजव्या पायावर उभे राहण्याचा सराव अगदी घोटून करा आणि तो पक्का होईपर्यंत कठड्यापासून दूर जाऊ नका. पुढे हातांचा सराव करताना मांड्यांमध्ये फोमचा ठोकळा धरला की दोन्ही पाय आपोआप वर राहतात आणि शरीर सरळ होते.

एका बाबतीत मात्र तुम्हाला सावध करणे माझे कर्तव्य आहे. पोलिओ होऊन काही दशके उलटल्यावर अनेकांना नव्याने अशक्तपणा, थकवा आणि स्नायूंचे दुखणे सुरू होते. ज्या पेशी वाचल्या, त्यांनी इतकी वर्षे मेलेल्या पेशींचेही काम ओढलेले असते आणि त्या आता थकू लागलेल्या असतात, असे यामागचे कारण मानले जाते. म्हणून "दम लागेपर्यंत पोहा" हा सल्ला तुम्हाला कोणी दिला तर तो मानू नका. थकवा येण्यापूर्वी पाण्याबाहेर या आणि मध्ये एक-एक दिवस विश्रांतीचा ठेवा. दुसऱ्या दिवशीही अंग जड वाटत असेल, तर पोहण्याचा वेळ निम्मा करा. पोलिओच्या पायाला थंडीही लवकर बाधते, तो गार पडून निळसर होतो आणि उरलीसुरली ताकद काम करेनाशी होते. आपल्या खान्देशात चैत्र-वैशाखात अंगाची लाही होते, तोच काळ तुमच्या आरंभासाठी उत्तम आहे. कॅलिपरच्या पट्ट्यांनी कोठे जखम झाली असेल, तर ती भरेपर्यंत पाण्यात उतरू नये.

व्यवस्थापकांनी अर्जसुद्धा न देणे मला अजिबात मान्य नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३ नुसार दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही. एखादा निर्बंध रास्त हेतूसाठी आणि त्या हेतूच्या प्रमाणात असल्याचे दाखवून दिले तरच तो टिकतो. क्रीडा सुविधांची रचना दिव्यांगांना वापरता येईल अशी करण्याची जबाबदारी कलम ३० ने शासनावर टाकली आहे. सुरक्षितता हे कारण रास्त असू शकते, आणि म्हणूनच त्याचे उत्तर तुम्ही स्वतः तयार ठेवून जा. तुम्हाला पोहण्यास हरकत नसल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र, सोबत येणाऱ्या व्यक्तीचे नाव, गर्दी नसलेली वेळ आणि खुर्चीची विनंती, हे सारे एका कागदावर लिहून रीतसर अर्ज द्या व पोहोच घ्या. एवढे करूनही नकार मिळाला तर तो लेखी मागा. तलाव शासकीय यंत्रणेचा असेल, तर तेथे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असणे कलम २३ प्रमाणे बंधनकारक आहे, आणि त्यापुढे पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय आहे. बहुतेक वेळा प्रकरण तेथवर जात नाही. पूर्वतयारीचा कागद समोर आला की "जबाबदारी कोणाची" या प्रश्नातील भीती बरीच ओसरते, असा माझा अनुभव आहे.

वयाविषयी मला काळजी वाटत नाही. शोभण्या-न शोभण्याचा प्रश्न विचारणाऱ्यांना मुरलीकांत पेटकर यांच्याविषयी सांगा. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या या जवानाला १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे झाले. ते पूर्वी मुष्टियोद्धे होते, पाण्यात उतरले ते उपचाराचा भाग म्हणून, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी भारतासाठी जिंकले. मध्य प्रदेशातील भिंड जिल्ह्याचे सत्येंद्रसिंह लोहिया यांचे दोन्ही पाय लहानपणापासून अधू आहेत. गावच्या नदीत पोहायला शिकलेल्या या माणसाने २०१८ मध्ये रिले संघातून इंग्लिश खाडी पार केली. ही उदाहरणे घरच्यांसाठी आहेत. तुमच्यावर पदकाचे ओझे नको. आपल्या समाजात दिव्यांग व्यक्तीने काही करायचे म्हटले की ते असामान्यच असावे अशी अपेक्षा असते आणि साध्या आनंदासाठी काही शिकण्याची मुभा तिला सहसा मिळत नाही, याचे मला फार वाईट वाटते. तुमच्या बहिणी पाण्यात उतरल्या तेव्हा त्यांना कोणी पदक मागितले नव्हते.

राहिली तापी. इच्छा चुकीची नाही, पण मुहूर्त मात्र तुमच्या आठवणीतला नको. कानबाईचे विसर्जन श्रावणात होते. त्या दिवसांत नदी गढूळ असते, हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या अंगाला पाणी वाढते आणि वाळू उपशाने पडलेले खड्डे गढूळ पाण्यात दिसत नाहीत. असल्या पाण्यात पट्टीच्या पोहणाऱ्यानेही उतरू नये. तलावात न थांबता, न घाबरता पाठीवर दीर्घकाळ तरंगता येऊ लागल्यानंतरच्या उन्हाळ्यात, पाणी संथ आणि नितळ असताना, गावातील ज्या माणसाला तो काठ तळहातासारखा माहीत आहे अशा पोहणाऱ्याला सोबत घेऊन आणि हवा भरलेली ट्यूब दोरीने जवळ बांधून तुम्ही तापीत अवश्य उतरा. त्या दिवशी चपला आणि कोरडे कपडे सांभाळायला बहिणींपैकी कोणाला तरी बसवा.

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा असून जन्मतःच त्याचा उजवा हात कोपराच्या खाली नाही. त्याला पोहण्याचे वेड आहे. आधी कृत्रिम हात बसवून घ्यावा आणि मग पोहायला पाठवावे, असे आम्हा दोघांना वाटते. मळ्यातल्या विहिरीत शिकवले तर चालेल का? – एक वडील, शहादा

उत्तर : कृत्रिम हातासाठी थांबू नका. दिव्यांगांच्या जलतरण स्पर्धांत कृत्रिम अवयव लावून पाण्यात उतरण्यास मुळात परवानगीच नसते. खेळाडूच्या स्नायूंची, सांध्यांची आणि पाण्यातील हालचालींची तपासणी करून त्याचा गट ठरवला जातो. करमाळ्याचे सुयश जाधव यांनी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात कोपराच्या खाली गमावले, आणि २०१८ च्या जकार्ता येथील आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये सुवर्णपदक मिळवले. तुमच्या मुलाला सुरुवातीला सरळ रेषेत जाणे अवघड वाटेल, कारण अखंड हाताची ओढ अधिक असते, पण मुले काही आठवड्यांत पायांच्या आणि धडाच्या हालचालीने तोल आपोआप साधतात.

विहीर मात्र नको. पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत शिकण्याची आपली रीत जुनी आहे आणि तिने पिढ्यान्‌पिढ्या पोहणारे घडवले आहेत. तरीही विहिरीत पाय टेकायला उथळ जागा नसते आणि थकल्यावर दोर धरून वर येण्यासाठी दोन हातांची पकड लागते. उथळ भाग असलेल्या तलावातच शिकवा आणि पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर तुम्ही स्वतः पाण्यात उतरा. तुम्हाला पोहता येत नसेल, तर बापलेकांनी एकाच तुकडीत नाव घालावे.