बंद पेट्रोल पंपाच्या टाक्या काढल्या, पण शेजारच्या बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतोय. तपासणी कशी होते?

आधी ते पाणी पिणं आणि स्वयंपाकाला वापरणं बंद करा. उकळू तर अजिबात नका, वाफ घरात पसरते.

आपल्या मराठवाड्यात काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि मुरमाखाली बेसाल्टच्या फटी. तेल कुठून कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून खड्ड्यातली माती हुंगून 'साफ आहे' म्हणणाऱ्यावर विसंबू नका. टाकीच्या तळाखालची, पाइपच्या जोडांजवळची आणि मशीनखालची माती प्रयोगशाळेत जायला हवी. पाणी कुठल्या दिशेला वाहतं हे कळायला किमान तीन निरीक्षण बोअर लागतात. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे या बोअरमधला जाळीचा (छिद्रांचा) पाइप पाण्याच्या पातळीच्या थोडा वरपासून थोडा खालपर्यंत हवा. मे महिन्यात पातळी खोल जाते, पावसाळ्यानंतर चढते. दोन्ही वेळा नमुने घ्या.

नमुना ४० मिलीच्या काचेच्या बाटलीत, काठोकाठ, एकही बुडबुडा न ठेवता, बर्फात. प्लास्टिक बाटलीतून नेलेला नमुना गेला वाया! पिण्याच्या पाण्यात बेंझिनची (पेट्रोलमधला विषारी घटक) जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे.

लेखी अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या, प्रत जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयाला. पोच घ्यायला विसरू नका.