घागर प्रतिमा कधी, प्रतीक कधी?

प्रश्न : कथेतली प्रतिमा कुठली आणि प्रतीक कुठलं, हे ओळखायचं कसं? (एक वाचक, सेलू)

उत्तर : ताई, आपल्याकडचंच उदाहरण घेते. ‘घागर आडात सोडली, ती तळाला खडखडली.’ वाचताक्षणी आवाज कानात येतो. ही प्रतिमा. डोळे, कान, नाक, कातडी जागी करते ती. पुढे त्याच कथेत घागर पुन्हा पुन्हा आली, म्हणजे सून उंबरा ओलांडते तेव्हा काठोकाठ, पोरगा कामासाठी पुण्याला निघतो तेव्हा अर्धी आणि शेवटी अंगणात पालथी, तर ती नुसती घागर राहत नाही. त्या घराची दशाच तिच्यात उतरते. आता ती प्रतीक झाली. ती कितीदा येते आणि नेमकी कुठल्या क्षणी येते, तेवढं बघत चला.

पण दिसेल त्या घागरीत अर्थ शोधू नका. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत रिकाम्या घागरी नंबर धरून असायच्या. कथेत घागर तशी आली, तर आधी ती तहान म्हणूनच वाचा. वर्गात मुलं लगेच ‘शून्यतेचं प्रतीक’ लिहून मोकळी होतात, आणि घागरीमागं उन्हात उभी असलेली बाई त्यांना दिसतच नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.