वाचकांचे प्रश्न : प्लेऑफमधला खरा दावेदार कसा ओळखायचा?

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफबद्दल (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांबद्दल) आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. उदाहरणं बहुतेक २०२५च्या हंगामातली आहेत.

प्रश्न : साखळीत ६४ सामने जिंकणारा क्लीव्हलँड दुसऱ्या फेरीत इंडियानाकडून ४-१ असा हरला. मग त्या ८२ सामन्यांना अर्थ काय उरला? (सांगली)

उत्तर : अर्थ आहे, पण मर्यादित. साखळीत आज या शहरात, उद्या त्या शहरात असा प्रवास सुरू असतो. समोरच्या संघाला तुमचा अभ्यास करायला सवड नसते. प्लेऑफमध्ये तोच संघ दिवसाआड समोर येतो, तोही सात सामन्यांपर्यंत. दोन सामन्यांचं चित्रीकरण पाहून झालं की तिसऱ्यापर्यंत तुमचा सर्वांत कच्चा बचावपटू त्यांनी हेरलेला असतो.

पुढचं तंत्र ठरलेलं. त्या कच्च्या बचावपटूकडे ज्याला अडवायचं काम आहे, त्यालाच स्क्रीन लावायला, म्हणजे चेंडू असलेल्या सहकाऱ्याच्या बचावपटूच्या वाटेत उभं राहायला, पाठवतात. बचाव करणाऱ्यांना माणसं बदलावी लागतात आणि कच्चा गडी थेट त्यांच्या सर्वोत्तम स्कोअररसमोर उभा राहतो. बास्केट झाली की पुढच्या खेपेला पुन्हा तेच. प्रशिक्षकाने त्याला बाहेर काढलं तर त्याची नेमबाजीही बाकावर जाते आणि आक्रमणाची धार कमी होते. क्लीव्हलँडचे मिचेल आणि गार्लंड हे दोन्ही गार्ड (चेंडू खेळवणारे खेळाडू) उंचीने कमी, म्हणून हा धोका त्यांना आधीपासूनच होता. मात्र सगळा दोष त्यावर टाकणं बरोबर नाही. पायाच्या बोटाच्या दुखापतीमुळे गार्लंड पहिले दोन सामने खेळला नाही. दुसऱ्या सामन्यात त्यांचे मोब्ली आणि हंटरही नव्हते, आणि तो सामना १.१ सेकंद उरलेला असताना इंडियानाच्या हॅलिबर्टनच्या थ्री-पॉइंटरवर (लांबून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटवर) १२०-११९ असा गेला.

म्हणून दावेदार ओळखायचा तर शेवटच्या पाच मिनिटांत मैदानावर कोण पाच जण असतील ते आधी लिहून काढा. त्यांतल्या कुणाला प्रतिस्पर्धी थ्री-पॉइंट रेषेबाहेर मोकळं सोडतील? कुणावर चालून जातील? असे दोन जण निघाले तर तो संघ फार लांब जात नाही, मग साखळीतला क्रमांक काहीही असो. मुख्य खेळाडूला दोघांनी घेरलं की दुसरा कोण स्वतःच्या बळावर शॉट उभा करू शकतो, हेही पाहा.

या कसोटीवर ओक्लाहोमा सिटी थंडर उतरला, म्हणूनच तो विजेता झाला. साखळीत ६८ विजय, दर सामन्यात सरासरी १२.९ गुणांचं अंतर. हा विक्रम होता. तरीही डेन्व्हर आणि इंडियाना या दोघांनी त्याला सातव्या सामन्यापर्यंत खेचलं. डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात प्रशिक्षक मार्क डेगनॉल्ट यांनी डेन्व्हरच्या २११ सेंटिमीटर उंचीच्या योकिचवर १९६ सेंटिमीटरच्या अ‍ॅलेक्स करूसोला सोडलं. वरवर वेडेपणा वाटतो. पण करूसो त्याच्या मागे न राहता पुढे उभा राहून पास तोडत होता, आणि डोक्यावरून उंच पास आलाच तर पाठीमागे उंच सहकारी तयार होते. योकिचला चेंडू सहजी मिळेना. निकाल १२५-९३. ज्याला प्रतिस्पर्धी हेरू शकतील असा एकही गडी नसला, तरच असली चाल परवडते.

प्रश्न : प्ले-इन म्हणजे काय? दहाव्या क्रमांकाचा संघही प्लेऑफमध्ये कसा येतो? (जळगाव)

उत्तर : पूर्व आणि पश्चिम विभागात प्रत्येकी १५ संघ. पहिले सहा थेट प्लेऑफमध्ये. सातवा आणि आठवा एकमेकांशी खेळतात. जिंकेल त्याला सातवं मानांकन. नववा-दहावा यांच्यात हरणारा घरी जातो. मग पहिल्या सामन्यात हरलेला संघ आपल्या मैदानावर दुसऱ्या सामन्यातल्या विजेत्याशी खेळतो आणि आठवी जागा ठरते. म्हणजे सातव्या-आठव्याला दोन संधी, नवव्या-दहाव्याला एक हार पुरते. या वाटेने आलेल्यांना हलक्यात घेऊ नका : २०२३मध्ये मायामी आठव्या मानांकनावरून अंतिम मालिकेपर्यंत गेला. विजेतेपद मात्र सहाव्याच्या खालच्या मानांकनाला मिळालेलं नाही, आणि सहाव्यालाही एकदाच, १९९५च्या ह्यूस्टनला.

प्रश्न : २०१९ ते २०२५ सात वर्षांत सात वेगळे विजेते. पूर्वीसारखी एकाच संघाची सद्दी का राहिली नाही? (ठाणे)

उत्तर : टोरांटो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बॉस्टन, ओक्लाहोमा. हल्ली सगळं खापर २०२३च्या वेतन-करारावर फोडतात. त्यात संघाच्या एकूण पगारखर्चावर ‘सेकंड एप्रन’ नावाची वरची मर्यादा आली. ती ओलांडणाऱ्या संघाला दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, मध्यम पगारावर करारमुक्त खेळाडू घेण्याची सवलत जाते, आणि सात वर्षांनंतरच्या ड्राफ्टमधली (नवोदित खेळाडू वाटून घेण्याच्या वार्षिक निवडीतली) पहिल्या फेरीची निवड दुसऱ्या संघाला देता येत नाही. पैसे मोजून सुटका नाही, हात बांधले जातात. २०२४चा विजेता बॉस्टन पुढच्याच उन्हाळ्यात हॉलिडे आणि पोर्झिंगिस या आपल्या दोन खेळाडूंना सोडून बसला, तो याच कात्रीमुळे.

पण यादीतले पहिले पाच विजेते तो करार लागू होण्याच्या आधीचे आहेत. टोरांटोचा कवाय लेनर्ड जिंकल्यावर काही आठवड्यांतच क्लिपर्सकडे गेला. शिवाय दुखापती. २०२५च्या एकाच प्लेऑफमध्ये मिलवॉकीचा लिलार्ड, बॉस्टनचा टेटम आणि इंडियानाचा हॅलिबर्टन, तिघांच्या टाचेवरचा अकिलिस स्नायुबंध तुटला; हॅलिबर्टनचा तर अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात, पहिल्याच क्वार्टरमध्ये. अशी दुखापत झाली की जवळपास पुढचा हंगामही हातचा जातो.

प्रश्न : तीन गुणांनी पुढे असताना शेवटी मुद्दाम फाउल करावा का? आमच्या कॉलेजच्या संघात यावरून दोन तट पडले आहेत. (नागपूर)

उत्तर : सहा सेकंद किंवा त्याहून कमी उरले असतील तर आमचं मत हो : तीन गुणांच्या शॉटऐवजी त्यांच्या वाट्याला दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचे एकेका गुणाचे शॉट) येतात. त्याआधी केला तर फाउल-फ्री थ्रोची देवाणघेवाण लांबते आणि चूक करायला जास्त वेळा वाव मिळतो.

आधी फाउल मोजा. क्वार्टरमध्ये तुमचे चार झालेले असतील तरच पाचव्याला दोन फ्री थ्रो मिळतात. नाहीतर त्यांना चेंडू फक्त बाजूने आत टाकायला मिळतो. एनबीएत शेवटच्या दोन मिनिटांत दुसऱ्या फाउललाही फ्री थ्रो आहेत, फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत तसं नाही. फाउल ड्रिबल चालू असताना किंवा त्याची पाठ बास्केटकडे असताना करा. हात वर गेल्यावर केलात तर तीन फ्री थ्रो, आणि बरोबरी तुम्हीच वाढून दिली. फिबात मिठी मारून किंवा जर्सी ओढून धरू नका : चेंडूसाठी प्रयत्न दिसला नाही तर अनस्पोर्ट्‌समनलाइक फाउल, म्हणजे दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूही त्यांचाच. चेंडूवर हात मारा.

खरा घोटाळा यानंतर होतो. पहिला फ्री थ्रो घालून दुसरा ते मुद्दाम रिंगवर आपटतात, म्हणजे परत उडालेला चेंडू घेऊन बास्केट करता यावी. तुमचे तीन रिबाउंडर (उडालेला चेंडू पकडणारे) लेनवर, म्हणजे बास्केटसमोरच्या पट्ट्याच्या कडेला, हवेत, आणि फ्री थ्रो मारणाऱ्याला अडवायला त्यांतला एक नेमलेला हवा. त्यालाच सगळे विसरतात. चेंडू आत टाकण्यासाठी एक टाइमआउट राखून ठेवा.

प्रश्न : सामने आपल्याकडे किती वाजता दिसतात? (नाशिक)

उत्तर : एप्रिल ते जून न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथले रात्री आठ म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच. पश्चिम किनाऱ्यावरचे उशिराचे सामने सकाळी साडेसात-आठला. तारीख एक दिवस पुढची धरा : त्यांचा गुरुवार रात्रीचा सामना आपला शुक्रवार सकाळचा. शनिवार-रविवारी त्यांच्या दुपारी एकला सुरू होणारा सामना मात्र त्याच रात्री साडेदहाला लागतो. नोकरीमुळे सगळं पाहता येत नसेल तर पहिल्या फेरीतला हाच रात्रीचा सामना धरा. अडीच तास लागतात, ओव्हरटाइम झाला तर प्रत्येकी पाच मिनिटांचा खेळ वाढतो.