प्रश्न वाचकांचे : पुस्तक विकत घ्यावे की डाउनलोड करावे?

प्रश्न : माझा मुलगा यंदा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. यादीतील सगळी पुस्तके नवी घेतली, तर घरखर्चाचे गणित कोलमडेल. तो म्हणतो, सगळे मोबाइलवर फुकट मिळते. त्यावर विसंबावे का? आठवीतल्या धाकटीच्या पुस्तकांचेही तसेच करावे का?
— एक पालक, रामबाग, इंदूर

उत्तर : फुकट बरेच मिळते, सगळे मात्र नाही, आणि टेलिग्रामच्या गटांतून जे फिरते ते बहुधा चोरीचे असते, म्हणून ते हिशेबात धरू नये. रीतसर मिळणारे साहित्यही थोडके नाही. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या उपक्रमातील कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्राची प्रत्येकी तीन खंडांची पुस्तके संपूर्ण डाउनलोड करता येतात, तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचे अभ्याससाहित्य त्याच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर आहे. मात्र परक्या पुस्तकाचा क्रम इथल्या अभ्यासक्रमाला धरून चालत नाही, त्यामुळे देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा अभ्यासक्रम पुढ्यात घेऊन कोणता घटक कुठे सापडतो, हे चिरंजीवांनी सत्राच्या आरंभीच टिपून ठेवावे.

डाउनलोड केलेल्या पुस्तकाची फाइल छापून घेण्याचा मोह मात्र टाळावा. पाचशे पानांना पानामागे एक रुपया धरला, तरी पाचशे रुपये होतात आणि बाइंडिंगचे वेगळेच. त्यापेक्षा आधी खजुरी बाजारात जुन्या प्रतीची चौकशी करावी, कारण ती वर्षअखेरीस पुन्हा विकता तरी येते. विकतच्या ई-पुस्तकाला ही सोय नसते आणि काहींची तर मुदतच ठरलेली असते, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी ती पाहून घ्यावी.

माझे मत विचाराल, तर ज्यातली उदाहरणे रोज सोडवायची ते एक पुस्तक कागदावरचेच असावे. संदर्भाची बाकीची पडद्यावर चालतील. एक बारीकशी अडचण सांगतो. प्रस्तावनेची पानेही मोजली जात असल्याने छापील 112 वे पान फाइलमध्ये 126 वे निघते आणि प्राध्यापकांनी पान सांगितले की मुलगा नुसताच चाळत बसतो. हा फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला की काम भागते.

धाकटीची पुस्तके एनसीईआरटीची असतील, तर ती संस्थेच्या संकेतस्थळावर प्रकरणवार मोफत आहेत. पण ही छापील पुस्तके मुळातच स्वस्त असतात, तेव्हा तिला ती घेऊनच द्यावीत आणि एखादे शाळेत राहिले, तर गृहपाठापुरते तेवढे प्रकरण आपल्या मोबाइलवर उघडून द्यावे.