गोव्यातल्या हणजूणच्या खडकावर मिळालेलं काटेरी, फांद्याफांद्यांचं शेवाळ कोणतं?

चोर्ला घाटानं जाऊन हणजूणच्या खडकावरचं पिवळट-तपकिरी शेवाळ तुम्ही बाटलीतून बेळगावला आणलंय, आणि मित्र ते सरगॅसम, म्हणजे समुद्रातलं एक तपकिरी शेवाळ, असल्याचं सांगतोय. फोटो बघून मला तसं वाटत नाही. सरगॅसमला पानांसारखे पसरट भाग असतात, मिरीदाण्यासारखे हवेचे फुगे असतात. तुमच्याकडं नुसत्या गोल काड्या आणि त्यांवर बारीक काटे आहेत. हे अकँथोफोरा स्पिसिफेरा असावं.

मित्राला फसवलं ते रंगानं. हे खरं तर लाल शेवाळ, पण भर उन्हात वाढलं की पिवळट-हिरवट होतं, आणि सावलीच्या कपारीत तेच गडद जांभळं. गरम पाण्यात बुडवून हिरवं होतंय का बघा, असं सांगणारे भेटतील. तपकिरी शेवाळही तसंच हिरवं होतं, तेव्हा त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा एक तुकडा पांढऱ्या वाटीत साध्या नळाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. लाल जातीचं असेल तर पाण्याला गुलाबी झाक येते. मला हे चुकून कळलं. पहिल्यांदा आणलेलं सगळंच शेवाळ मी नळाच्या पाण्यात ठेवलं होतं; सकाळी पातेल्यात गुलाबी पाणी आणि खाली लिबलिबीत गोळा! उरलेलं तरी लगेच मिठाच्या पाण्यात घाला, लिटरला 35 ग्रॅम मीठ.

आता भिंग घेऊन खिडकीपाशी बसा. मुख्य काडी गुळगुळीत पाहिजे. काटे फक्त बाजूच्या आखूड फांद्यांवर, गोल फिरत गेलेले. मुख्य काडीवरही काटे असले तर याच कुळीतली दुसरी जात. काटे अजिबात नसून फांद्यांची टोकं बोथट आणि मध्ये खळगी असेल तर लॉरेन्सिया, हे दुसरं लाल शेवाळ. टोक आकड्यासारखं वळलं असेल तर हिप्निया, हेही लालच. ताजं अकँथोफोरा कोवळ्या गवारीसारखं कट्कन मोडतं, हीही एक खूण.

घरी खाऱ्या पाण्याची माशांची टाकी असली तर त्यात मात्र सोडू नका. तुटलेल्या तुकड्यापासून हे परत वाढतं. 1950 च्या सुमारास पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटाहून आलेल्या एका बार्जच्या (मालवाहू सपाट बोटीच्या) तळाला चिकटून ते हवाईला पोचलं आणि तिथल्या किनाऱ्यांवर पसरलं.

मुख्य काडीचा जवळून एक फोटो टाका. तिथं काटा दिसला तर मी माझं उत्तर बदलतो.