द्युक्यान आणि दुकान : अल्बेनियन आपली कोण लागते?

प्रश्न असा : अल्बेनियन भाषेत दुकानाला ‘द्युक्यान’, बाजाराला ‘पझार’ आणि हिशेबाला ‘हेसाप’ म्हणतात, मग ती मराठीच्या जवळची भाषा मानायची का?

नात्यातली आहे, पण या शब्दांमुळे नव्हे. दुकान आणि हिशेब मूळचे अरबी, म्हणजे इंडो-युरोपीय कुळाबाहेरचेच (मराठी, संस्कृत आणि युरोपातल्या बहुतेक भाषा ज्या कुळातल्या, ते हे कुळ), बाजार फारसी. आपल्याकडे ते फारसीतून आले, तिकडे तुर्कीतून. अल्बेनियावर १९१२ पर्यंत उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्कांचा, अंमल होता. एकाच बोहारणीकडून दोन घरांत भांडी आली, म्हणून ती घरं सोयरी होत नाहीत.

खरं नातं कानाला चटकन जाणवत नाही. अल्बेनियनमध्ये साप म्हणजे ‘ग्यार्पर’, सहा म्हणजे ‘ग्याश्त’ आणि झोप म्हणजे ‘ग्यूम’. (हा ‘ग्य’ जीभ टाळूला टेकवून म्हणायचा, देवनागरीत तो नीट उतरत नाही.) आता शेजारी सर्प, सहा आणि स्वप्न ठेवून बघा. शब्दारंभीचा जुना ‘स’ तिथे पुष्कळदा ‘ग्य’ झालेला दिसेल. नियमाला पोटनियम आहेत, सात तिकडे ‘श्तात’ होतो. पण बदल असा ओळीने दिसला की योगायोग म्हणता येत नाही. जाळण्याचा ‘द्येग’ आपल्या दह् धातूचा भाऊबंद, भाजण्याचा ‘प्येक’ पच् धातूचा. आणि ‘मोतर’? शब्द मातृ-मदर यांच्याच घरातला, अर्थ मात्र बहीण!

संस्कृतच्या तौलनिक अभ्यासातून पुढे आलेल्या फ्रांझ बॉप यांनी १८५० च्या दशकात अल्बेनियन याच कुळातली असल्याचं पक्कं केलं. ग्रीक आणि आर्मेनियनसारखी तिची स्वतंत्र शाखा आहे. ओळख पटायला इतका उशीर का, तर तिच्यावर लॅटिन, ग्रीक, स्लाव्ह आणि तुर्की शब्दांचे थर चढलेले. मित्राला ‘मिक’ आणि शहराला ‘क्युतेत’ हे लॅटिनचेच. त्यात लेखनही फार उशिराचं : हाती असलेलं सर्वांत जुनं निश्चित वाक्य १४६२ चं, बाप्तिस्म्याच्या वेळी म्हणायचं. पहिलं ज्ञात पुस्तक १५५५ चं.

ती इलिरियनची, म्हणजे पश्चिम बाल्कनमधल्या एका प्राचीन भाषेची, लेक आहे, असं अल्बेनियात अभिमानाने सांगतात. असेलही. पण इलिरियनची मुख्यतः माणसांची आणि गावांची नावंच उरली आहेत, आणि नुसत्या नावांवरून व्याकरण जुळवता येत नाही.