मोतीचा एमआरआय आणि भुलीची भीती

प्रश्न : आमचा डॅशहुंड जातीचा कुत्रा मोती ६ वर्षांचा आहे. पलंगावरून उडी मारल्यापासून मागचे पाय ओढत चालतो. डॉक्टरांनी एमआरआय सांगितलाय, पण त्यासाठी पूर्ण भूल देणार म्हणे. एक्स-रेवर भागणार नाही का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : माझ्याकडे येणाऱ्या डॅशहुंडच्या घरचे बहुतेकदा हेच विचारतात. एक्स-रेत हाडं दिसतात, मज्जारज्जू नाही. या जातीत मणक्यांमधली चकती लवकर कडक होते आणि सरकून मज्जारज्जू दाबते. नेमकी कुठे, हे कळल्याशिवाय शस्त्रक्रिया करणारा हात कुठे घालणार? यंत्राच्या खडखडाटात बराच वेळ तसूभरही न हलता पडून राहणं मोतीला जागेपणी जमणार नाही, म्हणून भूल. आधी रक्त तपासून घ्या, हृदयाची तक्रार असेल तर सांगा, उपाशी किती वेळ ठेवायचं ते विचारा. मायक्रोचिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवलेली चिप) असेल तर तेही कळवा. तिच्या आसपासचं चित्र बिघडतं.

तोवर जिना नाही, उडी नाही, छोट्या जागेतच ठेवा. आणि माणसांची वेदनाशामक गोळी कृपा करून देऊ नका. पाय पूर्ण लुळे पडले किंवा लघवी अडली, तर तारखेची वाट बघू नका, त्याच रात्री निघा.